टहलरामदादा आणि चिखलोलीचे सरडे

यंदा एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी मी चिखलोलीच्या माळावर नेहमीच्या जागी जाऊन बसलो होतो. साडेसात वाजले, आठ वाजले. ऊन दगडांवर चढलं आणि समोरच्या धोंड्यावर या मोसमातला पहिला नर सरडा येऊन बसलासुद्धा. टहलरामदादांचा मात्र पत्ता नव्हता. नऊ वर्षांत हा माणूस माझ्यानंतर माळावर पोचल्याचं मला एकदाही आठवत नव्हतं. ते उल्हासनगरच्या पाच नंबरच्या निर्वासित कॅम्पातून निघून, अंबरनाथ ओलांडून पायी येत. मी बदलापूरहून, हेंद्रेपाड्यातल्या माझ्या घरून निघे. मी पोचेपर्यंत ते दगडांमध्ये पालथे पडलेले असत, आणि मला पाहिलं की पडल्या पडल्याच हात वर करून थांबवत. माझ्या चपलांच्या आवाजाने सरडा पळू नये म्हणून... त्या दिवशी आली ती त्यांची मुलगी गोपी. एरवी ही मुलगी त्या दगडधोंड्यांतून पळतच यायची. त्या दिवशी खाली बघत, सावकाश येत होती. जवळ आली, माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मास्तरजी, दादा शुक्रवारी सकाळी गेले. चहाचा कप हातात होता. तुमचा पत्ता घरात कुणालाच माहीत नव्हता... पण रविवारी तुम्ही इथे असणार, एवढं माहीत होतं."

नऊ वर्षांची ओळख आणि मी माझा पत्ता कधी दिला नव्हता, त्यांनी कधी विचारला नव्हता. भेटायची जागा ठरलेली होती, वार ठरलेला होता, तेवढं पुरत होतं. समोरच्या धोंड्यावरचा नर आपल्या उद्योगात होता. मग गोपी डोळे पुसून हलक्या आवाजात म्हणाली, "या वर्षी लवकर आला हा." तिच्या वडिलांनी अगदी असंच म्हटलं असतं.

टहलराम वैदांचं नाव उल्हासनगरच्या कॅम्पाबाहेर फारसं कुणी ऐकलेलं नसेल. ते पुढारी नव्हते, पदवीधर डॉक्टरही नव्हते. सिंधमध्ये, थरच्या वाळवंटाच्या कडेला त्यांचं गाव होतं. आजोबा वैद, वडील वैद, आणि तिघांचाही लौकिक एकाच औषधावर उभा होता, ते म्हणजे सांड्याचं तेल. सांडा हा तिकडच्या वाळवंटातला हातभर लांबीचा, काटेरी शेपटीचा प्राणी. बिळात राहतो, पाला खातो, कुणाच्या वाटेला जात नाही. त्याच्या शेपटीतली चरबी कढवून तेल काढायचं आणि गुडघेदुखी, कंबरदुखी, संधिवात यांवर चोळायचं, असा हा नुस्खा. सांडा पकडला की पळू नये म्हणून आधी त्याची पाठ मोडतात. हे सगळं दादांनीच मला सांगितलेलं आहे. सांगताना ते काही लपवत नसत. स्वतःच्या हाताकडे बघत सांगत. फाळणीनंतर पत्नी जेठीबाई आणि पंधरा वर्षांची गोपी यांना घेऊन ते कराचीहून आगबोटीने मुंबईला उतरले, तेव्हा सोबतच्या पत्र्याच्या ट्रंकेत रजईत गुंडाळलेल्या तेलाच्या तीन बाटल्या होत्या. दागिने बंदरावरच्या गर्दीत गेले. बाटल्या राहिल्या.

लष्कराच्या जुन्या बराकीत गोणपाटाचे पडदे लावून एकेका खोलीत दोन-दोन, तीन-तीन कुटुंबं राहत होती, असा तो काळ. खाली सिमेंटची गार जमीन, आणि कोरड्या वाळवंटातून आलेल्या त्या माणसांनी आमच्याकडचा चार महिन्यांचा पाऊस कधी स्वप्नातही पाहिलेला नव्हता. पहिल्याच पावसाळ्यात सगळ्या म्हाताऱ्यांचे गुडघे धरले. जो तो टहलरामांकडे येऊन म्हणे, "वैदजी, सांडे का तेल!" आणि टहलराम बाटलीतली पातळी बघून काळजीत पडत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते पुढच्या मे महिन्यात. मी अंबरनाथच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. सुट्टीत झाडं-झुडपं रेखाटण्यासाठी माळ धुंडाळत होतो. करवंदीच्या जाळ्या, तरवड, निवडुंग, मधूनमधून वाळून पिवळं झालेलं गवत, आणि पलीकडे उन्हात धुरकट दिसणारा मलंगगड. माणूस म्हणून कुणी नाही. एकदम पायाशीच पांढरा लेंगा-सदरा घातलेला एक उंच, साठीचा माणूस पालथा पडलेला दिसला. मला वाटलं, ऊन लागून पडला. मी खाली वाकलो तर तो न हलता पुटपुटला, "चुप. हिलो मत."

त्याच्या हातात लांब काठी होती आणि काठीच्या टोकाला घोड्याच्या शेपटीच्या केसाचा फास. तो फास इंच इंच पुढे सरकत होता. समोरच्या दगडावर एक वीतभर लांबीचा, मातकट रंगाचा सरडा बसला होता. पाठीवर फिकट चौकटींची रांग, शेपूट बारीक, दिसायला अगदीच सामान्य. फास त्याच्या डोक्यावर आला. आता गळ्यात पडणार, तोच त्या सरड्याने पुढचे पाय ताठ केले, मान उंचावली आणि त्याच्या गळ्याखालून एक पंखा उघडला! निळा, मध्ये काळा, कडेला केशरी. उन्हात रेशमासारखा चमकला आणि मिटला. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. दूरच्या दुसऱ्या दगडावरून तसाच निळा झटका उमटला, आणि हा आमचा सरडा मागच्या दोन पायांवर उभा राहून चक्क माणसासारखा धावत सुटला. शेपूट मागे उचललेली, पुढचे दोन्ही पाय छातीशी. आम्ही दोघं मोठ्याने हसलो. तो म्हातारा उठून बसला, सदऱ्यावरची माती झटकली आणि कितीतरी वेळ त्या रिकाम्या दगडाकडे बघत राहिला. "तीस साल सांडा पकडा मैंने," तो म्हणाला. "एक को भी ऐसे देखा नहीं. सीधा पकडा... इसको तो मैं जानता ही नहीं." त्या दिवशी फास काठीवरून सोडून त्याने खिशात घातला. पुन्हा तो मी कधी पाहिला नाही.

अशी आमची ओळख झाली. पुढच्या रविवारी मी गेलो तर दादा तिथेच होते, आणि मग ते ठरूनच गेलं. ते बघत, मी चित्रं काढी. पहिले काही महिने आम्हाला वाटत होतं की माळावर दोन जातीचे सरडे आहेत, एक पंख्याचा आणि एक बिनपंख्याचा. पावसाळ्यात दादांनी एका बिनपंख्याच्या सरड्याला ओल्या मातीत खड्डा करताना पाहिलं. त्यांनी मला हाक मारली नाही, नुसता माझा दंड घट्ट धरला. तिने खड्ड्यात अंडी घातली, माती लोटली आणि मग नाकाडाने ठोकून ठोकून ती माती अशी बसवली की आम्हाला स्वतःलाच पुन्हा जागा सापडेना. "ही बायको आहे त्याची," दादा म्हणाले. तेव्हा ते नुकतेच मराठी बोलायला लागले होते. थंडीत नरांचे पंखे फिके पडून आक्रसतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी पुन्हा रंगतात, हे त्यांनी तीन मोसम पाहून ठरवलं. बहुतेक सरडे एक-दोन उन्हाळ्यांपेक्षा जास्त टिकत नाहीत, हेही त्यांनीच ओळखलं. त्यासाठी ते माझ्याकडच्या रंगाचे ठिपके काठीच्या टोकाने, न पकडता, सरड्यांच्या पाठीला लावत. हे कुठल्या पुस्तकात आधी लिहिलेलं असेल तर असो. आम्ही पुस्तक पाहिलं नव्हतं. एका निर्वासित वैदाने पोटावर पडून, कोपरं सोलून घेऊन हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी शोधलं, याचा मला तेव्हाही अभिमान होता, आजही आहे. कॅम्पात त्यांना लोक हसत. "सरडेवाला वैद" म्हणत. जेठीबाई कपाळाला हात लावून म्हणायच्या, "लोकांचे नवरे धंदा शोधतात, माझा सरडे शोधतो."

तिसऱ्या वर्षीच्या पावसाआधी एका रविवारी दादा सरड्यांकडे न बघता माझ्याशी बोलत बसले. शेवटची बाटली अर्ध्यावर आली होती. इकडे सांडा मिळत नाही, आणि लोक म्हणत होते, तुझ्या त्या माळावर सरडे आहेत ना, त्यांचंच तेल काढ. "मास्तर," ते म्हणाले, "मला आधी हे कळलं पाहिजे की तेलात काय आहे. काही असेल, तर मग विचार करू. पण नसेल तर?" त्यांच्या घरात तीन पिढ्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मग त्यांनी मला एक योजना सांगितली.

सांड्याचं तेल कधीच निव्वळ वापरत नसत. तिळाच्या तेलात थोडं मिसळून चोळत. दादांनी आठ सारख्या बाटल्या आणल्या. चार बाटल्यांत सांड्याचं तेल मिसळलेलं तिळाचं तेल भरायचं, चार बाटल्यांत नुसतं तिळाचं. वास कळू नये म्हणून सगळ्यांत कापूर आणि ओवा घालायचा. भरायचं मी, माझ्या घरी, त्यांच्या नजरेआड. बाटल्यांवर एक ते आठ आकडे टाकायचे आणि कुठल्या आकड्यात काय, ते कागदावर लिहून माझ्या रंगांच्या पेटीत ठेवायचं.

"पण तुम्हाला का कळू द्यायचं नाही?" मी विचारलं. "रोग्यांना कळू नये, इतकं पुरे आहे की."

त्यांनी दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले. रुंद, जाड बोटांचे, तेल मुरून काळपट झालेले हात. "हे खोटं बोलतील. मला कळलं ना, की ह्यात खरा तेल आहे, तर हे आपोआप जास्त जोर लावतील."

तो पूर्ण पावसाळा दादांनी आठ माणसांच्या गुडघ्यांना ज्याच्या त्याच्या बाटलीतलं तेल कोमट करून चोळलं. त्या आठांत जेठीबाई होत्या, आणि आसनदासकाका होते. हे दादांच्याच गावचे दुकानदार, वीस वर्षं त्यांच्याकडून औषध घेणारे. कोण नळापर्यंत चालत जातो, कोणाला उकिडवं बसता येतं, हे गोपी वहीत लिहून ठेवी. नवरात्राच्या सुमारास मी कागद घेऊन बराकीत गेलो. गोपीने वही वाचली. पाच जणांना चांगला आराम होता, दोघांना थोडाफार, एकाला काहीच नाही. मग मी कागद उघडला. चांगला आराम पडलेल्या पाच जणांपैकी तिघांच्या बाटलीत नुसतं तिळाचं तेल होतं. त्या तिघांत एक जेठीबाई होत्या, ज्या रोज सकाळी शपथेवर सांगत की सांड्याच्या तेलानेच आपण उभ्या आहोत. आणि ज्या एकाला काहीच गुण आला नव्हता, त्याच्या बाटलीत सांडा होता.

गोपीच्या हातातून वही घेऊन दादांनी ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग म्हणाले, "तीन पिढ्या, मास्तर... किती जनावरं..." आणि उठून बाहेर गेले. मी परत निघालो तेव्हा ते नळाजवळच्या ओट्यावर बसले होते, पाठ माझ्याकडे करून.

आता मला माझ्याविषयी थोडं लिहायला हवं आणि ते लिहिताना लाज वाटते. त्याच हिवाळ्यात कॅम्पाच्या बाजारातला एक तेलाचा व्यापारी माझ्याकडे शाळेत आला. त्याला एक चित्र हवं होतं, गळ्याचा पंखा उघडलेल्या सरड्याचं, तीन रंगांत छापण्यासाठी. एका तेलाच्या बाटलीवर लावायचं आहे, म्हणाला. त्याआधी तो दादांकडे जाऊन बाटलीवर छापायला त्यांचं नाव मागून आला होता आणि दादांनी त्याला दारातूनच परत पाठवलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. पण तेलाच्या बाटलीवर सरडा कशाला, एवढा साधा प्रश्न मला पडायला काय हरकत होती? खरं सांगायचं तर पडला होता. पण माझं एकही चित्र तोवर रंगीत छापून आलेलं नव्हतं. मी चार दिवस खपून चित्र काढून दिलं, आणि दादांना बोललो नाही.

एप्रिल आला. काही अडचणींमुळे आम्ही दोघंही दोन रविवार माळावर गेलो नव्हतो. तिसऱ्या रविवारी मी पोचलो तेव्हा दादा उभे होते. पालथे पडलेले नाहीत, उभे. ज्या माळावर या दिवसांत दर पाच-पंचवीस पावलांवर निळा झटका दिसायचा, तिथे काहीही हलत नव्हतं. करवंदीच्या जाळीआड तीन दगडांची चूल, राख आणि रॉकेलचा एक कापलेला डबा पडला होता. मोळ्या घेऊन चाललेल्या दोन बायका थांबल्या. त्यांतली थोरली म्हणाली, "आठ दीस झालं, मानसं आलती जाळी घेऊन. गोनी भरभरून सरडं नेलं. कशाला रं बाबा, इचारलं, तर म्हनं दवा करायची." दादा खाली बसले. मूठभर माती उचलून त्यांनी हातात कुस्करली. "अजून अंडी घातली नव्हती," एवढंच म्हणाले.

त्या दुपारी मी कॅम्पाच्या बाजारात गेलो. दुकानाच्या फळीवर बाटल्यांची रांग लागली होती, 'थरच्या वैदांचं असली सांड्याचं तेल' अशी अक्षरं आणि प्रत्येक बाटलीवर माझा सरडा, पंखा उघडलेला. निळा रंग सुरेख उतरला होता. मी तसाच दादांच्या बराकीत गेलो आणि उंबऱ्यातच उभा राहून सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, ते मला घालवून देतील. तेच योग्य झालं असतं. ते म्हणाले, "आत या, मास्तर. तुम्ही तर एक चित्र काढलंत. मी तीस वर्षं तेल काढलं." आणि थोड्या वेळाने, "उद्या नाही, आताच जाऊ. बाजार भरलेला आहे."

व्यापाऱ्याने दुकानापुढे पत्र्याचा भोंगा घेऊन एक ओरडणारा उभा केला होता. भोवती पन्नास-साठ माणसं जमलेली. दादा त्याच्या शेजारी पडलेल्या खोक्यावर चढले. त्यांना सगळे ओळखत होते. गर्दी आपोआप गप्प झाली. व्यापाऱ्याला वाटलं, वैद स्वतः तेलाची शिफारस करायला आले, आणि त्याने हसून त्यांच्या हातात भोंगा दिला! दादा सिंधीत बोलले, त्यामुळे मला निम्मंच कळलं. उरलेलं गोपीने नंतर सांगितलं. ते म्हणाले, "या बाटलीत सांडा नाही. चिखलोलीच्या माळावरचे किडे खाणारे लहान सरडे आहेत, आणि त्यांच्या अंगात चरबी किती असणार! पण तेवढंच सांगायला मी आलेलो नाही. खऱ्या सांड्याच्या तेलातसुद्धा काही नाही. मी तपासून बघितलं. माझ्या आजोबांनी विकलं, बापाने विकलं, मी विकलं. तुम्हाला जो आराम पडला तो उबेने आणि चोळण्याने पडला. तो तिळाच्या तेलानेही पडतो."

मग गर्दीतून आसनदासकाका काठी टेकत पुढे आले. "म्हणजे वीस वर्षं तू मला फसवलंस?"

दादा खोक्यावरून खाली उतरले. "हो," ते म्हणाले. "मी स्वतः फसलो होतो. पण तुला फसवलं ते मीच."

त्यावर जो गोंगाट झाला तो मी विसरणार नाही. कुणी शिव्या दिल्या, कुणी त्यांच्या मेलेल्या वडिलांचं नाव काढलं. व्यापाऱ्याच्या माणसाने त्यांना ढकललं, टोपी खाली पडली. ती गोपीने उचलली. मी कुठे होतो? मी गर्दीच्या मागे होतो. चित्र माझं आहे, हे त्याच वेळी पुढे होऊन सांगायला हवं होतं. ते मी सांगितलं, पण पुढच्या आठवड्यात, शाळेत, माझ्या वर्गातल्या मुलांपुढे. साठी ओलांडलेल्या माणसाने खोक्यावर चढून जे केलं, ते मला चार भिंतींत करायलाही सहा दिवस लागले.

पुढचे काही महिने फार वाईट गेले. दादांच्या दारात कुणी येईना. जेठीबाईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. तेल खोटं ठरल्याचं त्यांना विशेष वाटत नव्हतं; "सासऱ्यांचं नाव बाजारात नेऊन टाकलं" हे त्यांना सहन होत नव्हतं. सिंधमधून घर आलं नाही, जमीन आली नाही, नाव तेवढं आलं होतं, आणि तेही नवऱ्याने स्वतःच्या हाताने घालवलं. त्यांचा राग मला चुकीचा वाटत नाही. दादा गप्प राहून सोसत. दिवसभर रिकाम्या खाटेवर बसत आणि रविवारी माळावर येत. माळही रिकामाच. तरी ते पालथे पडत आणि बघत राहत. एकदा मी विचारलं, "पस्तावा होतो का?" तर म्हणाले, "होतो. वीस साल आधी बोलायला पाहिजे होता."

पाऊस सुरू झाला आणि गुडघे धरले. एका सकाळी आसनदासकाका काठी टेकत बराकीच्या दारात येऊन उभे राहिले. कोटाच्या खिशातून तिळाच्या तेलाची छोटी बाटली काढून खाटेवर ठेवली, शेजारी बसले आणि लेंगा गुडघ्यावर सरकवला. दादांनी तेल कोमट केलं. गोपी सांगते, अर्धा तास दादा गुडघे चोळत होते. जाताना काका एवढंच म्हणाले, "हात तेच आहेत." आठवड्याभरात आणखी चौघं आले, प्रत्येकाच्या खिशात आपापली बाटली. दिवाळीपर्यंत दारात पुन्हा रांग लागली. पूर्वी होती त्याहून मोठी... कारण आता लोकांना माहीत झालं होतं, की हा वैद जे नाही ते नाही म्हणून सांगतो. हाडाचं दुखणं असेल, ताप असेल, तर दादा स्पष्ट सांगत, "हे माझ्या हातातलं नाही, डॉक्टरकडे जा," आणि गोपीला सोबत पाठवत. व्यापाऱ्याच्या बाटल्या काही दिवस फळीवर दिसल्या, मग त्यांच्या जागी केसांचं तेल आलं.

माळावर मात्र पुढच्या उन्हाळ्यातही काही दिसलं नाही. त्याच्या पुढच्या एप्रिलात, एका रविवारी, दादांनी माझा दंड धरला. समोरच्या धोंड्यावर एकच नर. मान उंचावून त्याने पंखा उघडला, इकडे तिकडे पाहिलं, पुन्हा उघडला. उत्तर द्यायला दुसरा कुणी नव्हता. तरी तो उघडतच राहिला. दादांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. आज तिथे पुन्हा बऱ्यापैकी सरडे आहेत. कॅम्पातली मुलं ते बघायला येतात. वाकडेतिकडे पालथे पडून, श्वास धरून. त्यांना कसं पडायचं, ते दादांनी शिकवलं आहे.

दादांच्या बाराव्याला मी कॅम्पात गेलो होतो. त्या दिवशी बिरादरीची माणसं जमून घरातल्या वारसाच्या डोक्याला पाग, म्हणजे पगडी, बांधतात. दादांना मुलगा नव्हता. पुतण्या इंदूरहून आला होता, आणि पाग त्याच्यासाठी ताटात ठेवलेली होती. वडीलधाऱ्यांनी ताट पुढे केलं तेव्हा भिंतीशी बसलेल्या जेठीबाई उठल्या. गेली सहा वर्षं या बाईंनी नवऱ्याच्या कामाबद्दल बरं-वाईट काही म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्यांनी पाग उचलली, पुतण्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या सरळ गोपीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "ही त्यांच्या पाठीशी उभी होती," त्या म्हणाल्या. "टोपी पडली तेव्हा हिनेच उचलली." कुणीतरी म्हणालं, मुलीला बांधत नाहीत. जेठीबाईंनी वळून बघितलंदेखील नाही. आसनदासकाका काठी आपटून म्हणाले, "बांध." जेठीबाईंनी बांधली.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा गेलो होतो. बराकीच्या ओसरीवर सात-आठ माणसं आपापल्या बाटल्या घेऊन बसली होती. आतून कोमट तेलाचा वास येत होता आणि गोपी कुणाला तरी पाय सैल सोडायला सांगत होती. जेठीबाई दाराशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. तेवढ्यात बाहेरगावचा एक माणूस लंगडत आला. त्याला काही माहीत नव्हतं. त्याने विचारलं, "टहलराम वैद का घर यही है? वैदजी हैं?"

मी काही बोलायच्या आत जेठीबाईंनी सुपातली नजरही न उचलता त्याला सांगितलं, "अंदर हैं. लाइन में बैठो."